बरं वाटलं, तरी गोळी सोडू नका



ताप आला की आपण गोळी घेतो. ताप उतरला की गोळी बंद करतो. डोके दुखले की गोळी घेतो. डोके थांबले की उरलेल्या गोळ्या फळीवर ठेवून देतो. ही रीत आपल्या अंगवळणी पडली आहे.

पण सगळ्याच गोळ्यांना ही रीत चालत नाही. काही गोळ्या मनाने मध्येच सोडल्या, तर जिवावर बेतते. हृदयाच्या आणि रक्तदाबाच्या दुखण्यावर अशीच एक गोळी देतात. डॉक्टर तिला 'बीटा ब्लॉकर' म्हणतात. नाव परके आहे. पण ही गोळी आता गावोगावच्या घरांत आली आहे. ती कशी घ्यावी, ते आज आपण शिकू.

आधी एक गोष्ट वाचा. गोष्ट आम्ही रचलेली आहे. पण असे घडते, हे मात्र खरे आहे.

आबा वारीला निघाले

एका गावात एक आबा होते. वय पासष्ट. दोन वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका आला होता. वेळेवर इस्पितळात नेले, म्हणून वाचले. त्यानंतरही चढावर चालले की छातीत कळ यायची. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. त्यांत एक बारीक पांढरी गोळी होती. हळूहळू कळ यायची थांबली. आबा शेतात जाऊ लागले, बाजार करू लागले.

आषाढीची वारी जवळ आली. आबांनी डॉक्टरांना विचारले. डॉक्टर म्हणाले, "जा. पण बेताने चाला. चढ आला की गाडीत बसा. आणि गोळी एकही दिवस चुकवू नका."

निघायच्या दिवशी आजी म्हणाल्या, "अहो, गोळ्यांची पिशवी घेतली का?"

आबा हसले. "अगं, माउलीच्या संगं चाललोय. आता कशाला गोळ्या? वर्ष झालं, छातीत एक कळ नाही. मी ठणठणीत आहे."

पिशवी खुंटीलाच राहिली.

आळंदीहून पालखी निघाली. पुण्याचा मुक्काम झाला. मग पालखी सासवडच्या वाटेला लागली. त्या वाटेवर दिवे घाट आहे. चढ दमवणारा आहे. गाडीत बसायचे आबांनी मनावर घेतले नाही. गोळी बंद होऊन तो पाचवा दिवस होता.

निम्म्या घाटात आबांची छाती धडधडू लागली. मग छातीवर धोंडा ठेवल्यासारखे झाले. डावा हात भरून आला. अंगाला घाम फुटला. दिंडीतल्या माणसांनी त्यांना खाली बसवले आणि वारीच्या वाटेवर असलेल्या आरोग्य पथकाकडे नेले.

तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारले, "आबा, कोणती गोळी चालू आहे?"

"पांढरी. बारकी."

"पांढऱ्या गोळ्या पुष्कळ असतात, आबा. नाव काय तिचं?"

आबांना नाव ठाऊक नव्हते. दिंडीतल्या एका पोराने घरी फोन लावला. फोन आजींनी घेतला. आजी गेल्याच वर्षी साक्षरतेच्या वर्गात वाचायला शिकल्या होत्या. आशाताईंनी त्यांच्या वहीत गोळ्यांची नावे मराठीत लिहून दिली होती. आजींनी वही उघडली. अक्षराखाली बोट धरले आणि वाचले,

"मे… टो… प्रो… लॉल. पुढं पन्नास लिहिलंय. सकाळी एक."

"आजी, आबांनी शेवटची गोळी कधी घेतली?"

"निघायच्या आदल्या दिवशी. पिशवी इथंच आहे, बाई."

डॉक्टरबाईंना उलगडा झाला. त्यांनी हृदयाचा आलेख काढला, लागेल ते औषध दिले आणि आबांना रुग्णवाहिकेतून पुण्याच्या इस्पितळात पाठवले. चार दिवसांनी आबा घरी आले. आजींनी वाचलेल्या त्या चार अक्षरांनी डॉक्टरांचा मोलाचा वेळ वाचवला.

घरी सोडताना तिथले डॉक्टर म्हणाले, "आबा, तुम्ही ठणठणीत होता ते गोळी चालू होती म्हणून. गोळी नको इतके बरे झाला होता, असे नव्हे."

या पाठाचे सारे सार या बोलण्यात आहे.

ही गोळी शरीरात काय करते?

बैलगाडीचा बैल आपल्या चालीने चालत असतो. गाडीवान पराणी टोचतो तेव्हा तो पळतो. आपल्या हृदयाचेही तसेच आहे. आपण घाबरलो, रागावलो, धावलो की शरीरात एक रस सुटतो. त्याचे नाव ॲड्रेनॅलिन. हा रस रक्तातून हृदयाकडे जातो आणि हृदयाला पराणी लावतो. हृदय जोरात आणि भरभर चालू लागते. रक्ताचा दाब वाढतो.

निरोगी माणसाला हे सोसते. पण ज्याचे हृदय दुखावलेले आहे, ज्याच्या हृदयाला रक्त कमी पोचते, त्याला ही धावपळ सोसत नाही.

हा रस हृदयावरच्या ज्या बारीक जागांवर लागतो, त्यांना 'बीटा' असे नाव दिले आहे. बीटा हे ग्रीक भाषेतले दुसरे अक्षर आहे. ब्लॉकर म्हणजे अडवणारा. ही गोळी त्या जागा अडवून बसते. मग पराणी लागत नाही. हृदय संथ चालते, त्याचे कष्ट कमी होतात, रक्ताचा दाब उतरतो.

स्कॉटलंडचे शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी हे औषध शोधले. हृदयाला जास्त रक्त कसे पोचवावे, असा विचार तेव्हा इतर लोक करीत. ब्लॅक यांनी विचार उलटा केला. हृदयाचे कष्टच कमी केले, तर आहे तेवढे रक्त पुरेल. त्यातून १९६० नंतरच्या काही वर्षांत प्रोप्रॅनोलॉल हे औषध तयार झाले. १९८८ साली ब्लॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

एकदम सोडली तर काय होते?

पुन्हा बैलाकडे वळू. बैलाला महिनोन्‌महिने पराणी लागली नाही, तर त्याची पाठ हळवी होते. मग एके दिवशी अचानक पराणी बसली, तर तो उधळतो.

गोळी बरेच दिवस चालू असली, की हृदय असेच हळवे होते. गोळी एकदम बंद केली, की अडवणारे कोणी राहत नाही. तोच रस हळव्या हृदयाला जोरात लागतो. छाती धडधडते, रक्तदाब चढतो, छातीत कळ येते. ज्यांना आधीच हृदयाचा विकार आहे, त्यांना झटकाही येऊ शकतो. आबांवर हाच प्रसंग आला.

मग ही गोळी कधीच बंद करता येत नाही का? येते. पण ती डॉक्टरांनी बंद करायची. तेही बहुधा एकदम करीत नाहीत. एक-दोन आठवडे, कधी त्याहून जास्त दिवस, मात्रा थोडी थोडी कमी करीत आणतात. जिना उतरताना आपण एकेक पायरी उतरतो, माडीवरून उडी मारत नाही. तसेच हे आहे.

ही गोळी ओळखावी कशी?

ही एकच गोळी नाही. एका कुळातल्या या पुष्कळ गोळ्या आहेत. त्यांची नावे वाचा:

अटेनोलॉल
मेटोप्रोलॉल
बायसोप्रोलॉल
प्रोप्रॅनोलॉल
कार्व्हेडिलॉल
नेबिव्होलॉल

या सगळ्यांच्या शेवटी काय आहे? 'लॉल' आहे. नावाच्या शेवटी 'लॉल' दिसले, की समजा ही बहुधा त्याच कुळातली गोळी.

पाकिटावर कंपनीने ठेवलेले नाव मोठ्या अक्षरांत असते. औषधाचे खरे नाव बारीक असते आणि बहुधा इंग्रजीत असते. म्हणून मेडिकलवाल्या दादांना, नर्सबाईंना किंवा आशाताईंना सांगा, "याचं खरं नाव मला मराठीत वहीत लिहून द्या." नावापुढचा आकडाही लिहून घ्या. २५ ची गोळी वेगळी, ५० ची वेगळी. दर वेळी नवे पाकीट आणले, की नाव आणि आकडा वहीशी ताडून पाहा. जन औषधी केंद्रात बरीच औषधे स्वस्त मिळतात. तिथे पाकिटाचा रंग वेगळा असेल, पण खरे नाव आणि आकडा तोच हवा.

शेजाऱ्याला गुण आला, म्हणून त्याची गोळी आपण घेऊ नये. ही गोळी निरनिराळ्या दुखण्यांवर देतात. कुणाला छातीतल्या कळेसाठी, कुणाला झटक्यानंतर, कुणाला हृदय अशक्त झाले म्हणून, कुणाला ठोके वेडेवाकडे पडतात म्हणून. नुसता रक्तदाब असेल, तर डॉक्टर आज बहुधा आधी दुसऱ्या गोळ्या देतात. म्हणून दोघांनाही रक्तदाब असला, तरी दोघांची गोळी एकच असेल असे नाही.

गोळी घेण्याची रीत

१. रोज ठरलेल्या वेळी घ्या. सकाळी दात घासल्यावर किंवा जेवणाच्या वेळी, अशी कामाशी वेळ बांधा. म्हणजे विसर पडत नाही.

२. कार्व्हेडिलॉल असेल, तर जेवणाबरोबर घ्या. उपाशीपोटी घेतल्यास उठताना चक्कर येऊ शकते.

३. काही गोळ्या दिवसभर हळूहळू विरघळतील अशा केलेल्या असतात. त्या चावू नका, कुटू नका. अर्धी करायची असेल, तर आधी विचारा.

४. एखाद्या वेळी विसरलात, तर आठवेल तेव्हा घ्या. पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल, तर विसरलेली सोडून द्या. भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम कधीही घेऊ नका.

५. आठ-दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या, की नव्या आणा. पाकीट रिकामे व्हायची वाट पाहू नका. पैशाची अडचण असेल, तर लाजू नका. सरकारी दवाखान्यात जाऊन सांगा. न सांगता गोळी बंद करणे सर्वांत महाग पडते.

६. वारीला, लग्नाला, लेकीकडे जाताना गोळ्या बरोबर घ्या. ऊसतोडीला जाणारी मंडळी तर महिनोन्‌महिने घराबाहेर असतात. त्यांनी निघण्यापूर्वी दवाखान्यात जावे आणि पुरतील तेवढ्या गोळ्या व डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी.

७. एकादशी असो, नवरात्र असो, गोळी पाण्याबरोबर घ्यावीच. मधुमेह असेल, तर उपवास करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

८. गोळ्या लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. मोठ्यांचे औषध नातवाला विष ठरू शकते.

आपली नाडी आपण मोजावी

डाव्या हाताचा तळवा वर करा. अंगठ्याच्या खाली, मनगटावर, उजव्या हाताची दोन बोटे हलकी ठेवा. टकटक लागेल. ती नाडी. घड्याळाकडे पाहून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसा.

मोठ्या माणसाची नाडी बसलेली असताना मिनिटाला ६० ते १०० असते. ही गोळी घेणाऱ्याची नाडी त्याहून थोडी मंद असू शकते. तेवढ्याने घाबरू नका. पण नाडी ५० च्या खाली गेली, तर पुढची गोळी घेण्याआधी, त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. नाडी मंद आहे आणि डोळ्यांपुढे अंधारी येते, तर थांबूच नका, ताबडतोब दवाखाना गाठा. आकडा आणि तारीख वहीत लिहून ठेवा. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

डॉक्टरांपासून हे लपवू नका

दमा असेल, तर आधी सांगा. या कुळातल्या काही गोळ्यांनी श्वासनळ्या आवळतात आणि दमा उसळतो. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायच्या टिमोलॉलच्या थेंबांचेही तसेच आहे. त्याच्याही नावात शेवटी 'लॉल' आहे, पाहिलेत ना?

मधुमेह असेल, तर सांगा. मधुमेहाच्या औषधाने कधी रक्तातली साखर फार उतरते. तेव्हा छाती धडधडते, हात कापतात. ती शरीराची सूचना असते. ही गोळी ती सूचना झाकून टाकते. घाम मात्र येतो. म्हणून मधुमेही माणसाला एकाएकी घाम फुटला, गोंधळल्यासारखे झाले, तर साखर तपासा. तपासायची सोय नसेल, तर माणूस शुद्धीवर असताना त्याला लगेच साखर किंवा गूळ द्या. बेशुद्ध असेल, तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या.

दुसरी औषधे चालू असतील, तर सगळी दाखवा. व्हेरापॅमिल आणि डिल्टियाझेम ही हृदयाचीच औषधे आहेत. पण ती या गोळीबरोबर घेतली, तर ठोके फार मंद होऊ शकतात. अंगदुखीच्या काही गोळ्यांनी रक्तदाब चढतो. त्या दुकानातून मनाने आणू नका.

दिवस गेले असतील, तर सांगा. दात काढायचा असेल, शस्त्रक्रिया व्हायची असेल, तरी सांगा. पण शस्त्रक्रिया आहे म्हणून आपणहून गोळी बंद करू नका.

गोळीचा त्रास होतो का?

काहींना होतो. थकवा वाटतो. हातपाय गार पडतात. झटकन उठले की चक्कर येते. काहींना झोपेत विचित्र स्वप्ने पडतात. पुष्कळदा हा त्रास काही दिवसांनी कमी होतो. उठताना आधी बसावे, मग उभे राहावे.

काही पुरुषांना संसारसुखात अडचण येते. ते लाजेने कुणाला सांगत नाहीत. गुपचूप गोळी सोडून देतात. घरातल्यांना कळतही नाही. हे फार धोक्याचे आहे. डॉक्टरांजवळ मोकळेपणाने सांगा. यात लाज कसली? मात्रा कमी करता येते, गोळी बदलता येते. वाट निघते. पण ती डॉक्टरांना विचारून काढायची.

केव्हा धाव घ्यावी?

छातीत दाबल्यासारखे होऊन घाम फुटला, दम लागला, घशातून शिटीसारखा आवाज येऊ लागला, माणूस भोवळ येऊन पडला, किंवा चुकून जास्त गोळ्या पोटात गेल्या, तर वाट पाहू नका. वातच असेल, पित्तच असेल, असे म्हणत बसू नका. १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका बोलवा. गोळ्यांचे पाकीट आणि वही बरोबर घ्या.

लक्षात ठेवा

बरे वाटते, ते गोळीमुळे. म्हणून बरे वाटले, तरी गोळी सोडायची नाही.
सोडायची असेल, तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू.
गोळीचे नाव आणि आकडा वहीत हवा.
चुकली म्हणून दोन एकदम घ्यायच्या नाहीत.
दमा आणि मधुमेह डॉक्टरांपासून लपवायचा नाही.

पुढच्या आषाढीला आबा पुन्हा वारीला निघाले. एक पाकीट पिशवीत होते, एक आजींनी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घातले. खिशात एक चिठ्ठीही होती. तिच्यावर आजींनी स्वतःच्या हाताने चार अक्षरे आणि एक आकडा लिहिला होता. आबा दिवे घाटात गाडीत बसले. पंढरपूरला पोचल्यावर त्यांनी फोन केला, "पोचलो. आणि ऐक, सकाळची गोळी घेतली बरं का."

प्रश्न

१. आबांनी गोळी का सोडली? त्यांचे काय चुकले?
२. गोळी एकदम बंद केली, तर हृदयाचे काय होते?
३. सकाळची गोळी विसरलात आणि दुपारी आठवली, तर काय कराल? रात्री झोपताना आठवली, तर काय कराल?
४. मधुमेही माणसाने कोणत्या खुणेकडे लक्ष द्यावे?

हे करा

आज घरी गेल्यावर घरातल्या, नाहीतर शेजारच्या म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्या पाहा. त्यांची नावे मराठीत लिहून घ्या आणि मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवा. शेजारी वेळ लिहा. तो कागद सगळ्यांना दिसेल अशा जागी लावा. आपण अक्षर शिकलो, त्याचा असा उपयोग झाला, तर आम्हाला आमच्या शिकवण्याचे चीज झाले असे वाटेल.